एचएसजी: टेबलावर नेमकं काय होतं, आणि 'ब्लॉक' आला तर तो किती खरा?

चांदणवेल
डॉक्टर चिठ्ठीवर तीन अक्षरं लिहून देतात, एचएसजी, म्हणजे हिस्टेरोसाल्पिंगोग्राफी, गर्भपिशवी आणि गर्भनळ्यांचा एक्सरे. सोबत एवढंच वाक्य: "नळ्या मोकळ्या आहेत का ते बघून घेऊ." त्यापुढे शोधायला गेलं की एक जण म्हणतं काही कळतसुद्धा नाही, दुसरं म्हणतं जीव जायची वेळ आली. दोन्हींचा उपयोग शून्य. इथे या विषयातले जाणकार बरेच आहेत म्हणून धागा काढते आहे. आपबीती नको, धीर देणंही नको, माहिती हवी.
पाळीच्या कितव्या दिवशी आणि त्याच दिवशी का? आत काय घालतात? दुखतं ते नेमकं कशानं? रिपोर्टमध्ये नळी बंद आली तर ती खरंच बंद असते का? नंतर काय सांभाळायचं?

सातवीण
तारखेपासून सुरुवात करते, कारण सगळ्यात जास्त घोळ तिथेच होतो.

अंगावरून नीट जायला लागतं तो पहिला दिवस. आदल्या दिवशी नुसते डाग पडले असतील तर ते धरायचे नाहीत. तिथून मोजून सहावा ते दहावा दिवस, आणि रक्त पूर्ण थांबलेलं हवं. चक्र २८-३० दिवसांचं असेल तर अकरावा चालून जातो, २४-२५ दिवसांचं असेल तर नको. म्हणजे हातात जेमतेम पाच दिवस, त्यात एखादी सुट्टी आलीच. म्हणून पाळी आली त्याच दिवशी फोन करून वेळ घ्यायची, रक्त थांबायची वाट बघत बसायचं नाही.

हेच दिवस का? पहिलं, बीज अजून बाहेर पडलेलं नसतं, त्यामुळे नकळत राहिलेल्या गर्भावर एक्सरे पडत नाही. दुसरं, या दिवसांत पिशवीचं अस्तर पातळ असतं. पुढे ते जाड झालं की त्याचीच घडी पॉलिपसारखी (अस्तरावरच्या छोट्या वाढीसारखी) दिसते, कधी नळीच्या तोंडाशी आडवी येते. तिसरं, रक्त चालू असताना डाय (एक्सरेवर दिसणारं आयोडीनचं औषध) ढकलला तर गुठळी फिल्मवर गाठीसारखी उमटते आणि उघड्या शिरांतून डाय थेट रक्तात शिरतो.

पाळीच्या पहिल्या दिवसापासून तपासणी होईपर्यंत संबंध टाळायचे. पाळी अनियमित असेल तर आधी लघवीची गर्भचाचणी, ती निगेटिव्ह आल्यावर डॉक्टर प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या देऊन पाळी आणवतात आणि तिथून दिवस मोजतात. शंका असेल तर तपासणीच्या दिवशी सकाळीही गर्भचाचणी करून घ्यावी. मिनिटांचं काम आहे.

आणि एक आगाऊ प्रश्न: नवऱ्याची वीर्यतपासणी झाली आहे का? झाली नसेल तर आधी ती. त्यात कुठे काही घालावं लागत नाही आणि पुढच्या उपचारांची दिशा तिच्यावर ठरू शकते. तरी बायकोला आधी टेबलावर चढवायची पद्धत आहे खरी.

टाचणी
कोळंबी-खेकडा खाल्ला की अंगावर पुरळ येतं, म्हणजे आयोडीनची ॲलर्जी, म्हणजे एचएसजी करता येत नाही. असं सर्रास सांगतात. खरं आहे का?

सातवीण
@टाचणी, नाही. ती ॲलर्जी त्या प्राण्यांतल्या प्रथिनांची असते, आयोडीनची नव्हे. विचारायचं ते वेगळं: पूर्वी सीटी स्कॅनच्या वेळी डायचं इंजेक्शन घेतल्यावर अंगावर गांधी, श्वास लागणं, घसा आवळणं असं काही झालं होतं का? झालं असेल तर आधी सांगायचंच. मग डाय बदलतात, आधी औषध देतात किंवा डाय न लागणारी सोनोग्राफीची पद्धत निवडतात.
थायरॉईडचा त्रास असेल तर तोही सांगायचा. आणि ओटीपोटात दुखतंय, ताप आहे, वास येणारा स्राव आहे, अशा वेळी एचएसजी होत नाही. आधी जंतुसंसर्ग बरा करायचा, नाहीतर डायबरोबर तो वर नळ्यांत ढकलला जातो.

क्षकिरण
एक्सरे टेबलाची बाजू मी लिहितो.

उपाशी राहायची गरज नसते (गुंगी देणार असतील तरच). हलकं खाऊन यावं. रिकाम्या पोटी घाबरलेल्या बाईला चक्कर लवकर येते. लघवी करून यायचं, कारण भरलेलं मूत्राशय पिशवीला वर ढकलतं. कमरेखालचे कपडे काढून गाऊन. बेंबीत रिंग असेल तर काढायची, ती बरोबर चित्रात मधोमध येते.

टेबल कडक आणि गार असतं. पाय गुडघ्यात मुडपून फाकवायचे. आधी डायशिवाय एक साधी फिल्म. मग स्पेक्युलम (योनी उघडी ठेवणारं साधन) घालून पिशवीचं तोंड दिसेल असं करतात आणि आयोडीनच्या बोळ्यानं पुसून घेतात. इथून पुढे दोन तऱ्हा. एक म्हणजे डाय सोडायची धातूची कॅन्युला: लीच-विल्किन्सन नावाची, पुढचं टोक शंकूसारखं आणि त्यावर आटे, ती तोंडात फिरवून घट्ट बसवतात. दुसरी म्हणजे बारीक मऊ कॅथेटर, टोकाशी फुगा. तो आत गेल्यावर १ ते २ मिली पाणी किंवा हवा भरून फुगवतात, म्हणजे डाय उलटा गळत नाही. धातूची कॅन्युला असेल तर तोंडाची वरची कड व्हल्सेलमनं (लांब चिमट्यानं) धरावीच लागते. फुग्याच्या कॅथेटरला बऱ्याचदा लागत नाही, पण पिशवी मागे कललेली असेल तर ओढून सरळ करायला धरतात. सरळ केली नाही तर पिशवी समोरून न दिसता टोकाकडून दिसते आणि चित्र वाया जातं.

डाय भरण्याआधी कॅन्युला-कॅथेटरमधली हवा पूर्ण काढायची असते. ही अगदी साधी गोष्ट, आणि नेमकी हीच राहून जाते. बुडबुडा आत गेला की फिल्मवर गोल काळा ठिपका, हुबेहूब पॉलिप. फरक एवढाच की कूस बदलली की बुडबुडा सरकतो, पॉलिप जागचा हलत नाही.

पहिले २-३ मिली सावकाश जातात आणि तिथेच एक चित्र घ्यायचं असतं, कारण डाय पूर्ण भरला की लहानसहान गोष्टी त्यात बुडून जातात. मग पिशवी भरते, उलट्या त्रिकोणासारखी दिसते. वरच्या दोन कोपऱ्यांतून केसासारख्या बारीक रेघा निघतात, त्या पुढे रुंद होतात, आणि टोकाशी डाय पोटात सांडून आतड्यांच्या कडेकडेनं धुरासारखा पसरतो. तोच स्पिल. एकूण डाय साधारण १० ते २० मिली. शेवटी फुगा सोडवून कॅथेटर बाहेर काढता काढता एक चित्र, कारण तोवर फुग्यानं पिशवीचा खालचा भाग झाकलेला असतो. ही शेवटची फिल्म घाईत गाळली जाते.

डाय जायचं काम पाच-दहा मिनिटांचं. कपडे बदलून बाहेर पडेपर्यंत अर्धा-पाऊण तास धरा.

प्राजक्त
दुखण्याबद्दल. "थोडंसं दुखेल" हे वाक्य मला आवडत नाही, कारण त्यातून काहीच कळत नाही. तीन क्षण वेगवेगळे असतात.

व्हल्सेलम लावताना चिमटा, एक-दोन सेकंद. फुगा फुगवताना पाळीच्या पहिल्या दिवशीसारखी कळ, ती फुगा असेपर्यंत कमीजास्त राहते. फुगा गरजेपेक्षा मोठा केला तर ही कळ वाढते. "थोडा कमी करता येईल का" असं विचारायला हरकत नाही, बऱ्याचदा येतो. आणि तिसरी, डाय ढकलताना ओटीपोट भरून आल्यासारखं, कमरेत उतरणारं दुखणं. नळ्या मोकळ्या असतील तर डायला वाट मिळते आणि ताण उतरतो. वाट मिळाली नाही तर ताण वाढत जातो. पण म्हणून 'खूप दुखलं म्हणजे नळ्या बंद' असा हिशोब घरी मांडू नये, घाईनं ढकललेला डायही तितकाच दुखतो.

चालत असेल तर आयब्युप्रोफेन ४०० मिग्रॅ, तपासणीच्या पाऊण ते एक तास आधी, काहीतरी खाऊन. नंबर पुढेमागे झाला तर गोळीची वेळ चुकते, म्हणून तिथे पोहोचल्यावर किती वेळ आहे ते विचारून मग घ्या. अल्सर, दमा, किडनीचा त्रास असलेल्यांनी डॉक्टरांनी सांगितलेलीच गोळी घ्यायची. डाय अंगाच्या तापमानाइतका कोमट करून घेतला तर कळा कमी येतात. त्यासाठी फार काही करावं लागत नाही, बाटली कोमट पाण्यात ठेवली तरी पुरते.

कळ येते तेव्हा माणूस श्वास रोखून ढुंगण उचलतो. त्यानं स्पेक्युलम टोचतो आणि चित्र हलतं. तोंडानं लांब श्वास सोडायचा, पायाचे अंगठे सैल. झाल्यावर ताडकन उठायचं नाही. पिशवीचं तोंड ओढलं गेल्यानं काही जणींची नाडी मंदावते, घाम फुटतो, डोळ्यांपुढे अंधारी येते. पाय उंच करून दहा-पंधरा मिनिटं पडून राहिलं की उतरतं.

चांदणवेल
टेबलावरचं सगळं नीट कळलं. आता 'ब्लॉक'बद्दल कुणीतरी लिहा. ते वाचूनच लोकांची झोप उडते.

क्षकिरण
यावर जरा लांब लिहितो.

एचएसजीत 'मोकळी' दिसलेली नळी बहुधा खरंच मोकळी असते. डाय पलीकडे सांडलेला दिसला, विषय संपला. 'बंद' दिसलेली नळी मात्र बंद असेलच असं नाही, आणि ती कुठे बंद दिसते यावर बरंच अवलंबून आहे.

पिशवीच्या कोपऱ्यालाच डाय थांबला तर त्याला कॉर्न्युअल किंवा प्रॉक्झिमल ब्लॉक लिहितात. तिथे नळी पिशवीच्या जाड स्नायूतून जाते आणि आतली वाट मिलिमीटरच्या आसपास. स्नायू आवळला की वाट बंद. गार डाय, घाईचा दाब, बाईची भीती, कशानंही आवळतो. हा स्पाझम. अशा वेळी दोन-तीन मिनिटं थांबायचं, दाब कमी करायचा, कूस बदलायला लावायची आणि पुन्हा हळू ढकलायचं. स्नायू सैल करणारं हायोसिनचं इंजेक्शनही देतात, त्यानं दर वेळी फरक पडतोच असं नाही. कधी स्पाझम नसतोच, नळीच्या तोंडाशी चिकट स्रावाचा किंवा पेशींचा बोळा अडकलेला असतो आणि तो दाबानं सुटतो.

दुसरं कारण गळती. शंकू किंवा फुगा नीट बसला नाही तर डाय योनीत परत येतो, आत दाबच तयार होत नाही आणि दोन्ही नळ्या 'बंद' दिसतात. फिल्मवर खाली सांडलेला डाय दिसतो, बघणाऱ्यानं बघायला हवा.

तिसरं कारण फार जणांना माहीत नसतं: एक नळी सहज वाहत असेल तर सगळा डाय तिकडूनच निघून जातो. पाणी उताराकडे धावतं तसं. दुसरी नळी बंद नसते, तिच्याकडे कुणी वळतच नाही. बाईला न भरलेल्या बाजूवर वळवून थोडा डाय आणखी दिला की कधी कधी ती भरते.

चौथं, कॅथेटरचं टोक एका कोपऱ्यात जाऊन रुतलं तर दुसरी बाजू भरत नाही.

थोडक्यात काय, 'दोन्ही नळ्या कोपऱ्याशी बंद' ही ओळ आली की पहिला प्रश्न 'ऑपरेशन कधी' हा नसून 'थांबून पुन्हा डाय दिला होता का' हा असतो.

सातवीण
+१. आणि टोकाकडचा ब्लॉक वेगळ्या जातीचा. नळी शेवटापर्यंत भरते, फुगून पिशवीसारखी होते आणि डाय सांडत नाही: हायड्रोसाल्पिंक्स. हे चित्र स्पाझममुळे होत नाही, त्यामुळे ते गांभीर्यानं घ्यावं लागतं. त्या नळीतलं साचलेलं पाणी पिशवीत झिरपत राहतं आणि आयव्हीएफचं (टेस्ट ट्यूब बेबीचं) यश जवळपास निम्म्यावर आणतं. म्हणून आयव्हीएफच्या आधी ती नळी काढायला किंवा पिशवीजवळ बंद करायला सांगतात. 'आयव्हीएफला नळ्या लागतच नाहीत, मग राहू दे' हा युक्तिवाद इथे चालत नाही.

कोपऱ्याच्या ब्लॉकवर पुढचे पर्याय: एखाददोन महिन्यांनी पुन्हा एचएसजी, सोनोग्राफीवर पाणी किंवा फेस सोडून बघणं, एक्सरेखालीच बारीक कॅथेटर थेट नळीच्या तोंडाशी नेऊन डाय देणं, किंवा दुर्बिणीतून निळं औषध सोडून डोळ्यांनी खात्री करणं. दुर्बिणीला भूल लागते, पण नळीभोवतीची चिकट जाळी आणि एंडोमेट्रिओसिस (पिशवीच्या अस्तरासारखा थर पिशवीबाहेर वाढणं) तिच्यातच दिसतात. एचएसजीला फक्त पोकळीची आतली बाजू दिसते, भिंतीपलीकडचं काही नाही.

टाचणी
मग 'मोकळी' म्हणजे चांगली, असंही नाही ना?

सातवीण
नाहीच. नळी म्हणजे नुसता पाइप नव्हे. १०-१२ सेंटीमीटरच्या त्या नळीला टोकाशी झालरीनं बीज उचलायचं असतं आणि आतल्या केसांनी ते पिशवीकडे हाकायचं असतं. डाय जातो म्हणजे वाट आहे. ते काम होतं की नाही हे एचएसजी सांगत नाही.

चांदणवेल
रिपोर्टमधल्या भाषेचं कुणी मराठी करून देईल का?

क्षकिरण
जमेल तेवढं.
'बायलॅटरल फ्री स्पिल' हे हवं असलेलं वाक्य: दोन्हीकडून डाय मोकळा सांडला. 'लॉक्युलेटेड स्पिल' म्हणजे सांडला, पण पसरला नाही, टोकाशीच साचून राहिला. बाहेर जाळी असण्याची शंका. 'बीडेड' म्हणजे नळी मण्यांच्या माळेसारखी, जागोजागी आवळलेली. हे दिसलं की क्षयाची तपासणी सांगितली जाते, मग खोकला असो वा नसो. 'फिलिंग डिफेक्ट' म्हणजे पिशवीत डाय न भरलेली जागा: पॉलिप, आतली गाठ, चिकटलेल्या भिंती, किंवा मघाचा बुडबुडा. पुढची पायरी बहुधा पाणी भरून सोनोग्राफी किंवा हिस्टेरोस्कोपी (पिशवीत दुर्बीण घालून बघणं). 'इंट्राव्हासेशन' म्हणजे डाय शिरांत शिरला, जाळ्यासारखी नक्षी दिसते. पाण्यात विरघळणाऱ्या डायला त्यात घाबरण्यासारखं सहसा काही नसतं, दाब तिथेच थांबवतात. ही नक्षी घाईत सांडलेला डाय समजली जाऊ शकते, एवढं लक्षात ठेवा.

आणि 'सेप्टेट किंवा बायकॉर्न्युएट'. पिशवी वरून दुभंगलेली दिसते आहे. मध्ये पडदा आहे की पिशवीच बाहेरून दोन शिंगांची आहे, हे एचएसजीवर ठरत नाही, बाहेरची रेघ दिसतच नाही. थ्रीडी सोनोग्राफी किंवा एमआरआय लागतो. पडद्यावर उपचार आणि शिंगांवर उपचार एक नाहीत, त्यामुळे एवढ्या एका ओळीवर कुणी ऑपरेशनची तारीख देत असेल तर थांबा.

प्राजक्त
एचएसजीनंतर गर्भ राहतो म्हणतात, त्यावरही कुणी लिहा. अफवा आणि खरं यांची फार भेसळ आहे.

सातवीण
अफवा नाही, पण कुठला डाय हे महत्त्वाचं. हल्ली बहुतेक ठिकाणी पाण्यात विरघळणारा डाय वापरतात. जुना प्रकार तेलाचा. नेदरलँड्समधल्या २७ रुग्णालयांत १,११९ बायकांवर दोन्हींची तुलना झाली, निकाल २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. सहा महिन्यांत गर्भ राहून टिकण्याचं प्रमाण तेलाच्या गटात ३९.७ टक्के, पाण्याच्या गटात २९.१ टक्के. मात्र त्या बायका चाळिशीच्या आतल्या, पाळी नियमित येणाऱ्या आणि नळ्या खराब असण्याची शक्यता कमी असलेल्या होत्या. सगळ्यांना हा आकडा लावू नका.

तेलाच्या डायचे तोटे: ते आयोडीन अंगात कित्येक आठवडे राहतं, म्हणून टीएसएच (थायरॉईडची रक्ततपासणी) आधी आणि नंतरही बघावा लागतो. आणि तेल शिरेत शिरलं तर गुठळीसारखं फुप्फुसाकडे जाऊ शकतं, त्यामुळे नक्षी दिसताक्षणी थांबवायचं.

टाचणी
आणि एक्सरेचा डोस?

क्षकिरण
साधारण १ ते ३ मिलिसिव्हर्ट, फ्लुरोस्कोपी (पडद्यावर चालू दिसणारा एक्सरे) किती वेळ चालली त्यावर. जमीन, आकाश, हवा यांतून माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिळतातच. त्याच चक्रात प्रयत्न करायलाही हरकत नसते.

प्राजक्त
नंतरचं लिहून टाकते. चिकट पाणी आणि फिकट लाल डाग एक-दोन दिवस. चिकट असतो तो डाय. पॅड वापरायचं, टॅम्पॉन किंवा कप नाही. संबंध एक-दोन दिवस थांबून. कळ त्याच संध्याकाळी उतरते.

जंतुसंसर्ग शंभरात एक ते तीन जणींना होतो, आणि ज्यांच्या नळ्या फुगलेल्या निघतात त्यांना जास्त. म्हणून अशांना डॉक्सिसायक्लिन १०० मिग्रॅ दिवसातून दोनदा, पाच दिवस दिलं जातं. चित्र बघितल्यावर 'आता ही गोळी घ्या' असं सांगितलं तर कारण बहुधा हे असतं. कोर्स पुरा करायचा.

ताप ३८ सेल्सिअस म्हणजे १००.४ फॅरनहाइटवर गेला, उतरत आलेलं दुखणं दोन-तीन दिवसांनी पुन्हा वाढायला लागलं, स्रावाला वास आला, किंवा तासाला एक पॅड भिजायला लागलं, तर त्याच दिवशी डॉक्टर. अंगावर गांधी येणं तपासणीनंतर काही तासांनीही होऊ शकतं, तेही कळवायचं.

चांदणवेल
शेवटचं: दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायचं तर सोबत काय न्यायचं? रिपोर्ट पुरतो?

क्षकिरण
नाही पुरत. चित्रं मागून घ्या, सीडीवर किंवा फाइल म्हणून, आणि सगळी: साधी फिल्म, सुरुवातीची, भरलेली, तिरकी, स्पिलची, कॅथेटर काढतानाची. हाती येतात त्यातली बहुधा शेवटची दोन, आणि स्पाझम होता की नाही हे मधल्यांवरूनच कळतं. सोबत एका कागदावर पाळीचा पहिला दिवस, तपासणीची तारीख, डायचं नाव आणि किती मिली. डायचं नाव रिपोर्टमध्ये नसेल तर तिथेच विचारून पेनानं लिहून घ्या, आठवड्यानंतर फोनवर ते कुणी शोधून देत नाही.